दुखण्याचं निव्वळ वजन

५ तारीख, मंगळवार

पडलो. काल सकाळी सव्वानऊला, स्वयंपाकघरात. डाव्या खुब्याचं हाड मोडलंय. वही लेकीने आत्ता आणून दिली, म्हणून नोंद एक दिवस उशिरा.

हकीकत अशी. मी खुर्चीवर उभा राहून बल्ब बदलत होतो. ही आली, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, खुर्च्या टेबलाखाली सारून ठेवाव्यात, किती वेळा सांगायचं?" आणि सारली. तशी तिची चूक नाही. त्रेचाळीस वर्षं आमच्या घरात खुर्च्या टेबलाखालीच असतात. खुर्चीवर नवरा आहे, एवढंच तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात न येणं हेच तिचं दुखणं आहे, दोन वर्षं झाली.

मी खाली पडल्यावर ती शेजारी येऊन बसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवायला वाढू का?" वाढ म्हटलं. ती तिकडे गुंतली की आपण फोनपर्यंत सरकावं असा बेत होता. सरकता आलं नाही. शेवटी खालच्या मजल्यावरची शेजारीण, वर काय आदळलं ते विचारायला आली, तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.

सगळ्यांना सांगितलंय की पाय सटकला. लेकीलाही तेच. खुर्चीचा ब्र काढलेला नाही आणि काढणारही नाही. कारण साधं आहे. लेक आणि जावई वर्षभर एका संस्थेचं नाव घेताहेत. विसर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी संस्था. बाग आहे म्हणे. आईला तिथे ठेवू म्हणतात. मी म्हणतो, मी आहे ना. आता आईने बाबांना खुर्चीवरून पाडलं हे कळलं की विषयच संपला. तेव्हा एक, तोंड बंद ठेवायचं. दोन, लवकरात लवकर पायावर उभं राहून घरी जायचं, आणि तोवर हा माणूस आता कामातून गेला असं कुणालाही वाटू द्यायचं नाही. हिचं माझ्यावाचून पान हलत नाही. सध्या तिला लेकीने आपल्याकडे नेलंय. तिचे काय हाल चालले असतील देव जाणे.

ऑपरेशन लगेच नाही. मी रक्त पातळ व्हायची गोळी घेतो, तिचा अंमल उतरायला हवा. आठवड्याच्या शेवटी बघू म्हणाले.

इथे सिस्टर दर चार तासांनी येऊन विचारतात, "आजोबा, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. सांगितलेला आकडा खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर चढतो. चार किंवा जास्त झाला की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावतात. त्या जांघेपाशी इंजेक्शन देऊन पायाची नस बधिर करतात. चारच्या खाली साधी गोळी.

पद्धत चांगली आहे. मी चौतीस वर्षं सिमेंटच्या गोदामाच्या फाटकावर भुईकाटा सांभाळलाय. आकडा कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. काट्यावर ट्रक आला की आधी तो स्थिर उभा करायचा, इंजिन बंद. मग भरलेलं वजन घ्यायचं. त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं. उरतं ते निव्वळ, आणि मालाचं वजन म्हणजे निव्वळ वजन. नाहीतर लोक ट्रकसुद्धा सिमेंट म्हणून खपवतील.

म्हणून मी आधी अगदी स्थिर पडतो. श्वाससुद्धा बेताने. मग बघतो. भरलेलं दुखणं नऊ. त्यात माझे गुडघे, दहा वर्षांपासूनचे, त्यांचे चार. कंबर दोन. हे सहा मी घरून घेऊन आलोय, त्यांचा या हाडाशी संबंध नाही. राहिले तीन.

"तीन," मी म्हणालो.

"अरे वा," सिस्टर म्हणाल्या. "आजोबा भलतेच खंबीर आहेत."

खंबीर वगैरे काही नाही. वजाबाकी आहे.

शेजारच्या खाटेवर एक बँडवाले आहेत. ट्रम्पेट वाजवायचे. जिन्यावरून पडले, त्यांचाही खुबाच. त्यांना आकडा विचारला तर ओरडले, "दहा! लिहा दहा! अकरा लिहिता येत असेल तर अकरा लिहा!" अर्ध्या तासात इंजेक्शन मिळालं. असल्या माणसांमुळेच काट्यावर रांगा लागतात.

६ तारीख, बुधवार

झोप नाही. भरलेलं साडेनऊ. निव्वळ साडेतीन. अर्धा लिहीत नाहीत म्हणाल्या, म्हणून तीन.

सकाळी चादर बदलली. दोन सिस्टर आणि वॉर्डातले मामा, तिघांनी मिळून एक-दोन-तीन म्हणून मला कुशीवर वळवलं. तेव्हा एक आवाज झाला. कुणाचा ते आधी कळलं नाही. बँडवाल्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं.

"आत्ता किती होतं, आजोबा?" सिस्टरनी विचारलं.

म्हटलं, थांबा, गाडी हलत असताना वजन घेत नाहीत. पाच मिनिटं थांबून सांगितलं, तीन. त्यांनी लिहिलं. त्यांचाही इलाज नाही, अठरा खाटा आहेत.

पाणी कमी केलंय. पाणी कमी तर लघवीचं भांडं कमी, भांडं कमी तर उचलाउचल कमी. सकाळपासून अर्धा ग्लास. जेवणाचंही तेच धोरण ठेवलंय. ताट आलं तसं झाकून परत पाठवलं. व्यायामाच्या बाई येऊन सांगून गेल्या की दर तासाला दहा वेळा खोल श्वास घेऊन खोकायचं, नाहीतर छातीत कफ धरतो. एकदा खोकून बघितलं. राहिलेले नऊ नंतर करेन.

बँडवाले उशीला टेकून बसले आहेत, बिस्किटं खाताहेत आणि मनसोक्त खोकताहेत. "पाय झोपलाय, मी जागा आहे," म्हणाले. "तुम्ही पण मागा की राव. लाजताय कसले?"

"माझं नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"कुणाच्या नियमात?"

मी वही उघडली. एक तर माणूस आगाऊ आहे. आणि दुसरं म्हणजे सुई, बधिर पाय, त्यात चार माणसं धावाधाव करताहेत, हे जर लेकीने बघितलं तर ती घरी जाऊन जावयाला काय सांगेल? साध्या गोळीवर आहे म्हटलं की केस हलकी वाटते.

संध्याकाळी लेकीचा फोन. हिने नीट जेवण केलं का ते विचारलं.

"दोनदा मागून घेतलं," लेक म्हणाली.

मला बरं वाटावं म्हणून सांगते. मी भरवल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही, दीड वर्ष मीच भरवतोय. मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं आणि नातवंडं टाळ्या वाजवत होती. आवाज ओळखीचा वाटला. पण हिने बऱ्याच वर्षांत गाणं म्हटलेलं नाही, तेव्हा टीव्ही असणार.

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"लाइन खराब आहे."

"खूप दुखतंय का?"

"तीन."

तिने सुस्कारा सोडला. तिचा जीव भांड्यात पडला, तेवढं बरं झालं.

७ तारीख, गुरुवार

सकाळपासून वॉर्डात ट्रक येताहेत. एकाकडेही चिठ्ठी नाही. सिस्टरना म्हटलं, चिठ्ठीशिवाय आत सोडू नका. त्या हो म्हणाल्या आणि सोडले.

बँडवाल्याच्या खाटेखाली चाळीस पोती आहेत. तक्त्यावर नोंद नाही.

ही खिडकीपाशी आली आहे, खुर्च्या लावते आहे. तिला म्हटलं, अगं थांब, अजून माणूस वर आहे. ऐकत नाही.

तारीख विचारतात. वहीत बघून सांगितली. पुन्हा विचारतात.

काटा शून्यावर येत नाही.

८ तारीख, शुक्रवार

कालची नोंद वाचली. अक्षर माझं आहे.

झालं ते असं, म्हणजे मला सांगितलं ते असं. दुपारपर्यंत मी सलाइनची नळी उपसली होती आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना, इंजिन बंद करा नाहीतर गाडी बाहेर काढा, असं सांगितलं होतं. पोटात अन्न नाही, अंगात पाणी नाही, दोन दिवस झोप नाही आणि वर बिनऔषधाचं दुखणं. म्हाताऱ्या डोक्याला भरकटायला एवढं पुरतं म्हणाले. मी वेडा झालो नव्हतो, तात्पुरतं होतं. हे दोनदा विचारून घेतलं.

सगळ्यात आधी ओळखलं ते बँडवाल्यांनी. त्यांनी ट्रम्पेटच्या फुप्फुसांनी बोंब ठोकली, "अहो, या माणसाकडे बघा कुणीतरी! तोंडाने तीन म्हणतो आणि दात कराकरा खातो!" त्यांना मी आगाऊ लिहिलंय. ते खोडत नाही, पण सोबत हेही लिहून ठेवतो.

चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगणी बाई, चष्मा डोक्यावर. त्यांनी आकडा विचारला नाही. माझ्या टाचेखाली हात घालून ती बोटभर उचलली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग सिस्टरना म्हणाल्या, "तक्ता राहू द्या हो. यांचं तोंड बघा ना." यानंतरचं मला आठवतं, तुकड्यातुकड्याने. जांघेवर गार जेली. एक लहानसा पडदा, त्यात करडं काहीतरी हलत होतं, ती माझी नस म्हणे. पहिली सुई मुंगी चावावी तेवढी. मग दाब. "आता वीस मिनिटं द्या मला," त्या म्हणाल्या आणि घड्याळ बघत तिथेच उभ्या राहिल्या.

वीस मिनिटांनी पायाचा आवाज बंद झाला. पाय होता, दिसत होता, पण त्याची तक्रार माझ्यापर्यंत पोचेना. चार दिवसांत पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला. मी रडलो म्हणे. मला चांगलं आठवतंय, तरी म्हणे लिहितो. दोन ग्लास पाणी प्यायलो, अर्धी वाटी सूप घेतलं आणि दिवसाउजेडी झोपलो तो थेट सकाळी उठलो.

आज सकाळी त्या पुन्हा आल्या. स्टूल ओढून बसल्या.

"मला एक सांगा, आजोबा. हा तीन तुम्ही आणलात कुठून?"

मी रीतसर समजावून सांगितलं. स्थिर गाडी, भरलेलं, रिकामं, निव्वळ. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे गुडघे वजा केलेत."

"आणि कंबर."

"आणि हलवल्यावर किती व्हायचं?"

"हलत्या गाडीचं वजन घेत नाहीत."

"अहो पण तुम्हाला हलवणार सगळेच! चादर बदलायला, एक्स-रेला, भांड्याला." त्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, माल किती आहे ते मला नकोच होतं. पूल किती सोसेल ते बघायचं होतं. पुलावरून सगळा ट्रक जातो ना? गुडघ्यांसकट?"

गोदामापुढच्या ओढ्यावर पूल होता. पुलावर पाटी होती, भरलेलं वजन अमुक टनांपर्यंतच. ती पाटी मीच रंगवून घेतली होती.

"हलल्यावर किती होतं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बारा."

"दहापर्यंतच आहे."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

त्या हसल्या. जाताना सिस्टरना सांगून गेल्या की आजपासून प्रत्येकाला दोन आकडे विचारायचे, एक पडल्या जागी आणि एक हलवताना, आणि आकड्यावर विश्वास बसला नाही तर खुशाल मला बोलवा. दुपारी तक्त्यावर नवा रकाना आला, "हलल्यावर". पट्टी घेऊन आखलेला नव्हता, पण असो.

ऑपरेशन उद्या.

एक गोष्ट राहिली. काल दुपारी लेक येऊन गेली. मी तेव्हा ट्रक हाकत होतो. तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही. बँडवाल्यांना विचारलं.

"काही नाही हो," ते म्हणाले. "ते खुर्चीचं काहीतरी."

"खुर्चीचं किती?"

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. "सगळंच," म्हणाले.

चार दिवस दुखणं दाबलं ते हे लपवायला, आणि दुखण्यानेच सगळं बाहेर काढलं. आता काय करावं ते सुचत नाही.

१० तारीख, रविवार

काल ऑपरेशन झालं. टेबलावर घेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच इंजेक्शन दिलं, त्यामुळे इकडून तिकडे उचलताना मी छताकडे बघत होतो आणि छतच बघत होतो. आत काय ठोकलं ते मला माहीत नाही. पोलादाचं आहे म्हणे. माझं रिकामं वजन आता वाढलं.

आज सकाळी दोघी सिस्टरनी धरून उभं केलं. पाय अजून थोडा बधिर आहे, स्वतःच्या हिमतीवर उठलात तर गुडघा दगा देईल, असं चारचारदा बजावलं. मी दहा सेकंद उभा राहिलो. पडल्या जागी दोन, हलल्यावर सहा. काही वजा न करता. सिस्टरनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

दुपारी लेक आली. स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेतली.

"बाबा, खुर्ची."

"हं."

"अजून काय काय आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पाढा वाचला. उन्हाळ्यात ही घराबाहेर पडली आणि बसस्टॉपवर दोन तास बसून होती, मी शोधून आणली. गॅस दोनदा उघडा राहिला. मी आंघोळीला गेलोय हे विसरून बाहेरून कडी घातली होती, ते एकदा. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तिने कुंडीत पेरल्या आणि रोज पाणी घातलं.

लेकीला हसू आलं आणि तिथेच मोडलं.

"आणि मला रोज फोनवर काय, तर सगळं ठीक आहे."

"ठीकच होतं. वजा जाता."

"वजा जाता काय हो, बाबा!" तिने पर्स आपटली. बँडवाल्यांनी झोपेचं सोंग घेतलं. "मी तुमची कोण आहे? पलीकडच्या गल्लीत राहते मी! तुम्ही त्या लादीवर पडून होतात तेव्हा मी घरात भाजी निवडत होते!" आणि रडायला लागली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण कुशीवर वळता येईना. मग तिने स्वतःच डोकं खाटेच्या कडेला टेकवलं. आता हात पोचत होता.

शांत झाल्यावर म्हणाली की संस्थेत जागा होते आहे, महिनाअखेर. तिच्याकडे कायमचं जमणार नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या, दोघंही कामावर. हे तिने मान खाली घालून सांगितलं. तिला लाज वाटायचं काही कारण नाही, पण वाटत होती.

"पण आई छान आहे, बाबा. खरंच. दिवसभर गाते."

"काय गाते?"

"लहानपणी मला झोपवताना म्हणायची ती. मुलांनी पाठ केलीत सगळी."

म्हणजे टीव्ही नव्हता.

१३ तारीख, बुधवार

वॉकर घेऊन दरवाजापर्यंत गेलो आणि परत आलो. इंजेक्शनचा अंमल कधीच संपला, आता गोळ्यांवर आहे. पडल्या जागी दोन, हलल्यावर पाच.

दुपारी लेक हिला घेऊन आली. अंगात लेकीचा पिवळा स्वेटर, केस नीट विंचरलेले. वजन थोडं वाढलंय. अंदाजे दीड किलो, माझा अंदाज सहसा चुकत नाही. आल्या आल्या तिने वॉर्डावर नजर टाकली आणि भेटायला आलेल्यांची रिकामी स्टुलं एकेक करून खाटांखाली सारायला लागली. बँडवाल्यांचे जावई बसायच्या बेतात होते, ते थोडक्यात वाचले. मग माझ्या खाटेच्या कडेवर येऊन बसली.

"तुम्हाला भेटायला कोणी येतं का?" तिने विचारलं.

"येतात."

"घरी कोण असतं?"

"बायको."

"ती नाही आली?"

लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"येईल," मी म्हणालो. "कामात असते."

"येऊ दे सावकाश," ही म्हणाली. "तोवर मी बसते."

आणि बसली, पाऊण तास. माझा हात तिने आपल्या मांडीवर ठेवून घेतला होता. लेकीने संत्रं सोलून दिलं. मी सवयीने फोड हिच्या तोंडाशी नेली. तिने ती माझ्या हातातून घेतली, बी काढलं, बी माझ्या हातावर ठेवलं आणि फोड स्वतः खाल्ली. मग पुढची. सगळं संत्रं. मी दीड वर्ष तिला भरवतोय. तुझं तुला जेवता येतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

निघताना लेकीला म्हणाली, "गृहस्थ चांगले आहेत."

"चला," बँडवाले म्हणाले, "स्थळ पसंत पडलं म्हणायचं!"

मला हसू आवरेना. खुबा सणकून दुखला. सात, पूर्ण सात, सिस्टरना हाक मारून सांगितलं. दोघी गेल्यावर मात्र बराच वेळ ते बी हातात घेऊन बसलो होतो आणि वाईट वाटत होतं, ते कशाचं ते नीट लिहिता येत नाही.

१५ तारीख, शुक्रवार

चार पायऱ्या चढलो, चार उतरलो. बँडवाले घरी गेले. जाताना म्हणाले, "खोटं बोलू नका कुणाशी, तुम्हाला जमत नाही." त्यांच्या खाटेवर एक सुतार आलाय, मनगट मोडलेला. फारसा बोलत नाही.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या की मदतीला एक माणूस असेल तर सोमवारी घरी जायला हरकत नाही. याचसाठी अट्टाहास केला होता. संध्याकाळभर डोळ्यांसमोर घर आणून बघितलं. स्वयंपाकघर, टेबल, फडताळ, हिची औषधांची पेटी. सगळं जागच्या जागी दिसलं. त्यात मी एकटा काय करतोय ते दिसेना.

१७ तारीख, रविवार

लेक फॉर्म घेऊन आली. हिचा. नवऱ्याची सही लागते. पोरगी पूर्ण तयारीनिशी आली होती. मी नाही म्हणणार, मग ती काय म्हणणार, जावई फोनवर काय म्हणणार, सगळं ठरवून. मी पेन मागितलं आणि सही केली.

ती बघतच राहिली. "बाबा, वाचलंत तरी का?"

"वाचलं."

"मग वर्षभर भांडलात कशाला माझ्याशी?"

"मला वाटायचं तिला मी लागतो," मी म्हणालो. "ती तुझ्याकडे गाते. हाताने जेवते. तिचं व्यवस्थित चाललंय."

"तसं नाही हो बाबा..."

"तसंच आहे. वाईट नाही ते. अजून एक फॉर्म आहे का?"

"कुणाला?"

"मला."

तिला आधी वाटलं, पुन्हा ट्रक आले. तारीख विचारली. बरोबर सांगितली. वारही सांगितला.

"अहो, तुमचं डोकं ठणठणीत आहे. महिन्याभरात काठी घेऊन फिराल. तिथे सगळी विसरलेली माणसं, तुम्ही दिवसभर बोलणार कुणाशी?"

"नवराबायकोची खोली असते का ते विचार."

"आणि घर?"

"राहील तिथेच."

"बाबा, ती रोज तुम्हाला नव्याने विचारेल, तुम्ही कोण म्हणून. रोज. झेपेल तुम्हाला?"

"नाही झेपणार," मी म्हणालो. "पण इथे नऊ दिवस ती नव्हती, ते त्याहून जड गेलं. खुब्यापेक्षा जड गेलं. तुला सांगितलं नाही."

लेक बाहेर जाऊन फोनवर बोलली. खोली आहे. दोन खाटांची, बागेच्या बाजूची नाही, मागच्या रस्त्याच्या बाजूची. चालेल म्हटलं. त्यांनी फॉर्म इथल्या ऑफिसात पाठवला, लेकीने तो छापून आणला. नाव, वय, आजार, औषधं, सगळं भरलं. खाली एक रकाना होता, "संस्थेत येण्याचं कारण". त्यापुढे दोन ओळी जागा. मी लिहिलं, "बायको तिथे आहे. तिच्यावाचून मला करमत नाही."

लेकीने वाचलं. "बाबा, असं लिहितात का फॉर्मवर?"

"मग कसं लिहितात?"

तिने नाक पुसलं आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. तारीख घालायची राहिली, ती मी घातली.